शून्यापासून मोजा!

मुलांनो, झोक्यावर बसलेल्या मैत्रिणीचे झोके तुम्ही कसे मोजता? झोका सोडला की लगेच 'एक', बरोबर ना? गंमत म्हणजे, याच 'एक'ने कॉलेजातल्या एका मुलीला आठवडाभर छळलं!

ती माझी जुनी विद्यार्थिनी. बारावीनंतर तिने बीएस्सीला नाव घातलं, तेव्हा शेजारीपाजारी म्हणाले, "इंजिनियरिंगला नंबर लागला नाही वाटतं!" तिच्या आईलाही धास्ती होती. नुसतं बीएस्सी करून पुढे काय?

दिवाळीच्या सुट्टीत ती मला भेटायला आली. म्हणाली, "बाई, आमच्या प्रॅक्टिकलची गंमत ऐका."

प्रयोग साधाच. दोऱ्याला गोळा बांधायचा, की झाला लंबक. एकदा जाऊन परत आला की एक हेलकावा. दोऱ्याची लांबी आणि हेलकाव्याला लागणारा वेळ यांवरून पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण मोजता येतं. वरून पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटर प्रतिसेकंद एवढा वाढतो. तोच आकडा यायला हवा. हिचा आला १०.९!

मैत्रिणी म्हणाल्या, "अगं, ९.८ लिही आणि जर्नलवर सही घे. उत्तर तर सगळ्यांनाच माहीत आहे." पण हिने खरं तेच लिहिलं. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "चूक कुठे आहे, ते शोध."

तिने दोरा पुन्हा मोजला. घड्याळ बदललं. तरी तेच! शेवटी एकदा मोठ्याने मोजताना चूक सापडली. गोळा सोडतानाच ती 'एक' म्हणत होती. म्हणजे 'वीस' म्हणेपर्यंत हेलकावे व्हायचे एकोणीसच! सोडताना 'शून्य' म्हटलं आणि उत्तर जागेवर आलं.

बघा हं, बीएस्सीत पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राची जाड पुस्तकं असतातच. पण खरा अभ्यास हा आहे. स्वतः मोजायचं, आलं तेच लिहायचं, आणि चुकलं तर का चुकलं ते शोधायचं.

१९३३ साली मुंबई विद्यापीठातून रसायन आणि पदार्थविज्ञान घेऊन एक मुलगी बीएस्सी झाली. कमला भागवत तिचं नाव. बंगळूरच्या प्रसिद्ध विज्ञान संस्थेत तिने अर्ज केला, तर संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला! ती हटली नाही. अखेर अटी घालून प्रवेश मिळाला. तिचं काम पाहून रामन यांचं मत बदललं. १९३९ मध्ये तिने केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. याच पुढे डॉ. कमला सोहोनी म्हणून प्रसिद्ध झाल्या.

आईबाबांनो, खोटी आशा दाखवत नाही. बीएस्सी झालं की लगेच मोठी नोकरी मिळते असं नाही. बहुतेकांना पुढे शिकावं लागतं. पण वाटा आहेत. 'जॅम' ही परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी करता येतं. बीएड करून शिक्षक होता येतं. कारखान्यांच्या प्रयोगशाळांत मालाची तपासणी करायलाही अशीच माणसं लागतात. तेव्हा मुलाने आवडीने बीएस्सी निवडलं, तर 'नंबर लागला नाही का?' असं मात्र विचारू नका.

आणि मुलांनो, तुम्ही बारावीची वाट कशाला बघता? खिळ्याला दोरा बांधून त्याला एक लहान कुलूप लटकवा. खिळ्यापासून कुलपाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर अंतर ठेवा. हलकासा हेलकावा द्या आणि २० हेलकाव्यांचा वेळ मोजा. वीसच का? घड्याळ दाबताना थोडा उशीर होतोच. दोन सेकंदांच्या एका हेलकाव्यात तो फार मोठा ठरतो, विसांत मात्र वाटला जातो.

सुमारे ४० सेकंद आले का? ३८ आले, तर घाईने खाडाखोड करू नका. आधी आठवा, सोडताना काय म्हणालात?