संगणकांमधील कार्यविभागणी

एकाच आज्ञावलीचे काम दहा संगणकांवर वाटून दिले असता ते दहापट लवकर उरकते, असा समज भाषासंग्रहांवर काम करणाऱ्या अभ्यासकांतही आढळतो. तो तपासून घेणे इष्ट आहे.

समजा, रांजणगाव परिसरातील संभाषणांचे लिप्यंतर एक हजार पृष्ठांचे आहे व त्यातील शब्दांची वारंवारता काढावयाची आहे. दहा संगणकांना शंभर-शंभर पृष्ठे द्यावी, प्रत्येकाने आपली मोजणी करावी व शेवटी बेरजा एकत्र कराव्या. येथे मोजणी चालू असता कोणालाही दुसऱ्याची वाट पाहावी लागत नाही. परंतु लागोपाठ येणाऱ्या शब्दांच्या जोड्या मोजावयाच्या असल्यास दोन भागांच्या सीमेवरील जोडी कोणाच्याच हिशेबात येत नाही. ‘तो’ हे सर्वनाम कोणास उद्देशून आले हे ठरवावयाचे झाले, तर त्याचे नाम कित्येक ओळी मागे, दुसऱ्याच संगणकापाशी असू शकते. मग संगणकांचा वेळ परस्परांना विचारण्यातच खर्ची पडतो.

पुणे जिल्ह्यातच खोडद येथे असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहतो. तेथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. प्रत्येकीच्या संकेताची इतर प्रत्येकीच्या संकेताशी तुलना करावी लागते. अशा ४३५ जोड्या होतात. या जोड्या संगणकांत वाटल्यास एकाच तबकडीचा संकेत अनेकांकडे पाठवावा लागेल. त्याऐवजी काळाचे तुकडे पाडून एकेका तुकड्यातील सर्व तबकड्यांचे संकेत एकेका संगणकास दिले, तर प्रत्येकास आपल्या तुकड्यापुरत्या सर्व जोड्या स्वतंत्रपणे तपासता येतात.

विभागणीस आणखी एक मर्यादा आहे. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये तिच्याकडे लक्ष वेधले. कामाचा दहावा हिस्सा क्रमानेच करावा लागत असेल, तर संगणक कितीही जोडले तरी एकूण वेग दहापटींपलीकडे जात नाही.

म्हणून अधिक यंत्रांची मागणी करण्यापूर्वी मजकूर कोठे तोडावा याचा विचार व्हावा. वरील उदाहरणात पृष्ठांऐवजी संपूर्ण संभाषणे वाटून दिली, तर शब्दजोडीची अडचण उरत नाही व सर्वनामाची बहुतांशी मिटते. भाषेचा कोणता घटक स्वतःपुरता पूर्ण आहे, हे यंत्र सांगत नाही. ते अभ्यासकानेच ठरवावयाचे असते.