कोलाब्याचा तह आणि वडखळचे मास्तर

इ. स. १७९० च्या जून महिन्याच्या पहिल्या दिवशी पुण्यास चार्ल्स मॅलेट या ईस्ट इंडिया कंपनीच्या वकिलाने टिपूविरुद्ध पेशव्यांशी तह केला, आणि त्याच वर्षी ७ ऑगस्टला न्यूयॉर्क येथे क्रीक या अमेरिकेतील मूळनिवासी लोकांचा प्रमुख अलेक्झांडर मॅकगिलिव्हरे याने वॉशिंग्टनच्या नवजात सरकारशी तह केला. पहिल्या तहामागे उभा असलेला गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस नऊच वर्षांपूर्वी यॉर्कटाऊन येथे त्याच वॉशिंग्टनला शरण गेलेला होता. हा योगायोग वाचनात आल्यापासून माझ्या मनात एक जिज्ञासा घर करून राहिली होती की, सरदारांच्या आणि सेनापतींच्या नावावर जमा झालेले हे करारमदार प्रत्यक्षात लिहिणारे, तपासणारे आणि वाचणारे हात कसे चालत असतील. वडखळला एक निवृत्त शिक्षक मोडी कागद वाचून देतात आणि आंग्र्यांच्या इतिहासाचा त्यांना विशेष नाद आहे, असे एका स्नेह्याकडून कळले, म्हणून गेलो.

अलिबागेचा फाटा जेथे फुटतो त्या नाक्याच्या मागे त्यांचे घर आहे. ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलाचा खारट दर्प तेथे दारातच भेटतो, आणि आतल्या खोलीत तो रुमालांत बांधलेल्या कागदांच्या व डांबरगोळ्यांच्या वासात अशा रीतीने मिसळतो की, पुढे कोठेही जुने दप्तर उघडले तरी मला प्रथम ती खोलीच आठवते. मास्तरांकडे येणारे बहुतेक लोक जमिनीच्या कज्जापायी येतात. कोणी खरेदीखत आणतो, कोणी गहाणखत, कोणी वाटणीपत्र. कागद झटकून, हळुवार सपाट करून ते उजेडात धरतात. मोडीत शिरोरेघ आधी सलग ओढून घेतलेली, शब्दाशब्दांत अंतर नाही, ऱ्हस्वदीर्घाचा विवेक नाही. अशा लिखाणात मास्तर मायना सोडून थेट तारखेकडे वळतात. मी १७१३ चा फेब्रुवारी म्हणताच त्यांनी मनातल्या मनात सहाशे वजा केले आणि ‘सन सलास अशर मया व अलफ’ असा सुहूर सन उच्चारला. तारखेनंतर शिक्का, शिक्क्यानंतर शेवटची मोर्तब, मग माणसांची नावे, आणि सर्वांत शेवटी मजकूर, असा त्यांचा क्रम आहे. ‘मजकूर आधी वाचला की माणूस त्यावर विश्वास ठेवू लागतो,’ ते म्हणाले.

फेब्रुवारी १७१३ वर बोलणे पुढे चालले ते त्यांच्याच आग्रहाने. ‘तीस हजारांचा तह,’ एवढेच ते प्रथम म्हणाले, आणि त्या दिवसभरात तो आकडा त्यांच्या तोंडून पुनःपुन्हा आला. नोव्हेंबर १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरची नौका कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने पाडाव केली. कारवारच्या वखारीवर नेमलेला थॉमस चाऊन त्या चकमकीत मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कॅथरीन कोलाब्यात कैदेत पडली. सुटकेची रक्कम तीस हजार रुपये ठरली; ती घेऊन मॅकिंटॉश नावाचा लेफ्टनंट गेला आणि बाईला परत घेऊन आला. इंग्रजी ग्रंथकारांनी या प्रकरणातील बाईवर पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. मास्तरांना त्यात रस नाही. तीस हजारांबरोबर जी कलमे ठरली, त्यांत आहे. आंग्र्यांनी कंपनीच्या जहाजांना उपद्रव देऊ नये, माहीम आणि खांदेरी यांच्या दरम्यान कोणाच्याही गलबताला हात लावू नये, इंग्रजांना रीतसर जकात भरून आंग्र्यांच्या बंदरांत व्यापाराची मोकळीक असावी. आणि इंग्रजांनी आपले निशाण केवळ आपल्याच जहाजांवर चढू द्यावे.

हे शेवटचे कलम म्हणजे कान्होजींच्या मुत्सद्देगिरीचा अर्क होय, असे मला मास्तरांच्या सांगण्यातून उमगले आणि ते मला सर्वस्वी पटले. समुद्रावर ज्याच्याजवळ आंग्र्यांचे दस्तक नाही त्याची झडती घेण्याचा हक्क ते राजसत्तेचा हक्क मानीत. इंग्रजी निशाणाखाली हिंदी व्यापाऱ्यांचा माल सर्रास फिरू लागला, तर तो हक्क नुसता कागदावर राहता. तंटा नेमका तेथेच पेटला. पुढे सुरतेहून निघालेले ‘सक्सेस’ हे जहाज आंग्र्यांनी धरले, तेव्हा त्यावरील माल कंपनीच्या दलालाचा होता. दलालाचा माल तो कंपनीचा माल की व्यापाऱ्याचा? गव्हर्नर बून याने त्याचे उत्तर खांदेरीवर आरमार पाठवून दिले, आणि ते आरमार हात हलवीत परतले. कान्होजींना चाचा म्हणणाऱ्याने आधी हे कलम वाचावे, असे सांगताना मास्तरांचा आवाज चढला. एरवी ते फार हळू बोलतात.

तहाच्या पाठोपाठ, १७१४ मध्ये, घाटमाथ्यावर लोणावळ्याजवळ बाळाजी विश्वनाथांशी बोलणे करून हेच कान्होजी शाहूंच्या बाजूस आले. पोर्तुगीज, सिद्दी, इंग्रज आणि सातारा अशा चार दिशांना तोंड देत एकेकाशी स्वतंत्र कागद करणारा हा पुरुष मला मॅकगिलिव्हरेच्या जातकुळीचा वाटतो. स्कॉटिश व्यापाऱ्याचा आणि क्रीक मातेचा तो पुत्र पेन्साकोलाच्या स्पॅनिश अधिकाऱ्यांशी आणि न्यूयॉर्कच्या सरकारशी एकाच वेळी पत्रव्यवहार ठेवून होता, आणि त्याच्या तहाच्या गुप्त कलमांत त्याला ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा व सालीना १,२०० डॉलर नेमून दिलेले होते.

मास्तर ज्या गोष्टीकडे मला वारंवार नेत होते ती मात्र याहून दुःखद आहे. वाळकेश्वराचे मंदिर ज्याने १७१५ मध्ये बांधले तो मुंबईचा शेणवी व्यापारी रामा कामती, कंपनीचा भरवशाचा माणूस, खांदेरीच्या अपयशानंतर आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून १७२० मध्ये न्यायासनापुढे उभा केला गेला. पुराव्यात कान्होजींना लिहिलेले म्हणून एक मराठी पत्र आले. त्याची मालमत्ता जप्त झाली, जन्मठेप झाली आणि १७२८ मध्ये तो कैदेतच मेला. तो पुरावा बनावट होता हे पुढे, त्याच्या पश्चात, उघड झाले. हे सांगताना मास्तरांनी मला समोरच्या खरेदीखतावर सर्व तपासण्या करून दाखवल्या: हस्ताक्षर एकाच कारकुनाचे आहे की मध्ये बदलले, शिक्क्याची शाई मजकुराच्या शाईवर बसली आहे की मजकूर शिक्क्याला वळसा घालून गेला आहे, दोन बंद चिकटवले असतील तर जोडावर पाठीमागे खूण आहे की नाही. भिंगाखाली शिक्क्याची कड ते इतका वेळ न्याहाळत होते की बाहेर बसलेल्या पक्षकाराने दोनदा आत डोकावून पाहिले. रामा कामतीच्या कागदावर त्या न्यायासनापुढे कोणी असे भिंग धरले असते, तर? मास्तरांनी हा प्रश्न विचारला नाही. मी विचारला, आणि त्यांनी मान खाली घालून भिंग पुसले.

आंग्र्यांचा शेवटचा मोठा कागद १८२२ चा. पेशवाई संपली होती, पेणचा मुलूख १८१८ मध्येच कंपनीकडे गेला होता, आणि या तहाने रघुजी आंग्र्यांना संस्थान राखता आले, पण कंपनीचे स्वामित्व आणि गादीवर कोणास बसवावे याचा अधिकार मान्य करून. १७१३ च्या तहातील निशाणाच्या एका कलमासाठी जे घराणे तोफांपुढे उभे राहिले, त्याच्या हाती आता कलम खोडण्याचे बळ उरले नव्हते. क्रीकांचेही १८१४ मध्ये तेच झाले: फोर्ट जॅक्सनच्या तहाने त्यांचे सुमारे २ कोटी ३० लाख एकर गेले, आणि अँड्र्यू जॅक्सनच्या बाजूने लढलेल्या क्रीकांचीही जमीन त्यातून सुटली नाही. १८३८ च्या अखेरीस रघुजी वारले. मागाहून जन्मलेला मुलगा काही महिन्यांतच गेला. दत्तकाची मागणी कंपनीने नामंजूर केली. अशा रीतीने संस्थान खालसा झाले आणि धरमतरच्या खाडीच्या पैलतीरावरील अलिबागेकडचा मुलूखही पेणप्रमाणे कंपनीच्या महसुली दप्तरात दाखल झाला. ‘तीस हजार कोठे आणि हे कोठे,’ असे म्हणून मास्तरांनी बाहेरच्या पक्षकाराला आत बोलावले.