सूत्रकृमींच्या श्वसनाचे मोजमाप

वांगी, टोमॅटो किंवा भेंडीचे खुरटलेले झाड उपटून पाहिल्यास पुष्कळदा मुळांवर गाठी आढळतात. कडधान्यांच्या मुळांवरील उपकारक गाठी बोटाने सहज सुटतात. या गाठी सुटत नाहीत, कारण तेथे मूळच फुगलेले असते. हा सूत्रकृमींचा उपद्रव होय. अंड्यातून निघालेले त्यांचे पिल्लू सुमारे ०.४ मिलिमीटर लांब असते. एका ग्रॅम वजनात अशी एक कोटीहून अधिक पिल्ले भरतील. मूळ सापडेपर्यंत ते काहीही खात नाही. अंगातील चरबीच्या शिदोरीवर जगते. ही शिदोरी किती वेगाने सरते, यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते.

चरबीच्या ज्वलनास प्राणवायू लागतो. म्हणून प्राणवायूचा खप मोजला म्हणजे चयापचयाचा वेग कळतो. परंतु इतक्या सूक्ष्म जिवांचा खप मोजावा कसा? १९३७ साली कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत लिंडरस्ट्रोम-लांग यांनी त्यासाठी पाण्यात वरखाली होणाऱ्या एका जुन्या खेळण्याचे तत्त्व वापरले. काचेच्या इवल्याशा फुग्यात कृमी व थोडी हवा ठेवतात. त्याच्या अरुंद मानेत दाहक सोड्याचा थेंब असतो. तो उच्छ्वासातील कार्बन-डाय-ऑक्साइड शोषून घेतो. तेलाच्या थेंबाने बाहेरील हवेचा संबंध तोडतात आणि फुगा द्रवात तरंगत ठेवतात. कृमींनी प्राणवायू वापरला की आतील हवा घटते व फुगा बुडू लागतो. तेव्हा द्रवावरील दाब कमी करून त्याला पूर्वीच्या खुणेवर आणतात. दाब किती कमी करावा लागला, त्यावरून प्राणवायूचा खप काढता येतो. मात्र तपमान अगदी स्थिर राखावे लागते, नाही तर सारे मोजमाप व्यर्थ. १९४९ साली डेन्मार्कमधील ओव्हरगार्ड नील्सन यांनी जमिनीतील सूत्रकृमींच्या श्वसनाचे असे मोजमाप प्रसिद्ध केले.

ऊब वाढली की, सोसेल त्या मर्यादेपर्यंत, खप वाढतो. उलट, ओलावा हळूहळू गेल्यास काही जातींत तो जवळजवळ थांबतो. गव्हाच्या रोगट दाण्यातील सुकलेले कृमी पाणी लागताच हालचाल करू लागतात, हे नीडहॅम यांनी १७४३ मध्येच पाहिले होते.

यावरून पडीक जमिनीविषयी एक गोष्ट ध्यानात येते. उबदार, ओलसर आणि तणरहित जमिनीत पिल्लांची शिदोरी लवकर संपते व ती उपासमारीने मरतात. पण तण राहिले तर त्यांना आयतेच मूळ मिळते आणि पडीक ठेवण्याचा खर्च वाया जातो. उन्हाळी खोल नांगरटीचे कार्य निराळे आहे: तीत अंडी व पिल्ले वर येऊन कडक उन्हात झपाट्याने वाळतात, सावकाश सुकून तग धरण्यास त्यांना अवधी मिळत नाही. सर्व अंडी एकाच वेळी उबत नाहीत, यासाठी पुढील हंगामात ज्वारीसारखे पीक किंवा झेंडू घ्यावा. काढणीनंतर गाठाळलेली मुळे बांधावर टाकू नयेत. ती वेचून जाळावीत.