इंग्रजीचे अध्ययन आणि विद्यापीठाची मॉड्यूल्स

ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याला एकाच सत्रात इंग्रजी भाषेचे अध्ययन आणि इतिहास, अर्थशास्त्र यांसारख्या विषयांची मॉड्यूल्स एकत्र घेण्याची जी मुभा असते, ती निव्वळ भाषावर्गात वर्ष घालविण्यापेक्षा माझ्या मते कितीतरी अधिक फलदायी आहे. कारण 'सिद्ध होते' असे ठामपणे न लिहिता 'पुराव्यावरून असे दिसते' असा सावध पवित्रा तेथील निबंधलेखनात का अपेक्षित असतो, हे आपल्याच कच्च्या मसुद्यावर भाषाशिक्षकाची पेन्सिल फिरू लागली म्हणजे नीट उमगते. हिशेब मात्र आधी समजून घ्यावा: तेथे पूर्ण वर्षाची सर्वसाधारणपणे 120 क्रेडिट्स, म्हणजे युरोपीय गणनेने 60, आणि एकेक मॉड्यूल बहुधा 15 किंवा 20 क्रेडिट्सचे; म्हणून भाषावर्गाची क्रेडिट्स आपल्या मूळ विद्यापीठात मंजूर होतील की नाही, याची लेखी खातरजमा अर्ज दाखल करण्यापूर्वीच करावी. (उन्हाळ्यातील प्रीसेशनल वर्ग ही बाब निराळी, ती पदवी-अभ्यासक्रमाआधीची तयारी.) मॉड्यूल निवडताना सेमिनार असलेले एखादे अवश्य घ्यावे; दहापंधरा जणांच्या त्या बैठकीत मागच्या बाकावर मौन धरून बसण्याची सोय नसते.