पंपिंग कमी झाल्यावर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

वसई-विरारमधल्या कुठल्याही हृदयरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात थोडा वेळ बसलं, की एक वाक्य कानावर येतंच: 'पंपिंग पंचवीसवर आलंय.' सांगणाऱ्याचा आवाज आपोआप खाली जातो आणि ऐकणारा मनातल्या मनात हिशोब मांडतो, शंभरातले पंचाहत्तर गेले. हार्ट फेल्युअरबद्दलचे बरेच गैरसमज या हिशोबापासून सुरू होतात.

इकोच्या रिपोर्टमधला तो आकडा एवढंच सांगतो, की हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर पडतं. धडधाकट माणसातही तो शंभर नसतो; साधारण ५५ ते ७० असतो. पंचवीस हा आकडा गंभीर आहेच, पण पाऊण हृदय निकामी झालं असा त्याचा अर्थ नाही. औषधं नेमाने घेतल्यावर काही जणांचा आकडा पुन्हा वर चढतो. उलट, पंपिंग साठ असूनही चार पावलं चालल्यावर दम लागणारे, संध्याकाळी पाय सुजणारे पेशंटही पुष्कळ असतात. त्यांचं हृदय आकुंचन नीट पावतं, पण पुरेसं सैल पडत नाही. यांत बीपी आणि मधुमेह असलेल्या वयस्क बायका जास्त, आणि 'रिपोर्ट तर नॉर्मल आहे' हे वाक्य घरच्यांकडून ऐकून घेणाऱ्याही त्याच. त्रास किती आहे हे आकड्यापेक्षा पेशंटला विचारून जास्त कळतं.

त्या त्रासावर उपचार करणारी वैद्यकीय शाखा म्हणजे पॅलिएटिव्ह केअर. दम, सूज, वेदना, झोप न लागणं, भीती, घरच्यांची दमणूक, हे सगळं तिच्या कक्षेत येतं. पण आपल्याकडे हे नाव काढलं, की समोरचा दचकतो: 'ते कॅन्सरवाल्यांचं ना? आणि तेही शेवटी?'

हा समज आला कुठून, हे समजण्यासारखं आहे. १९६७मध्ये डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये असाध्य रुग्णांची काळजी घेणारं सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलं, तेव्हा तिथे मुख्यतः कॅन्सरचे रुग्ण होते. भारतातलं पहिलं हॉस्पिस, वांद्र्याचं शांती आवेदना, १९८६मध्ये सुरू झालं, तेही कॅन्सरच्या रुग्णांसाठीच. पुढे टाटा हॉस्पिटलमध्ये ही शाखा वाढली. चर्चगेटची लोकल पकडून परळला जाणाऱ्या आपल्या भागातल्या कुटुंबांनी हा शब्द ऐकला तो टाटामध्येच. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ज्या प्रौढांना या काळजीची गरज असते, त्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांचे रुग्ण सुमारे ३८ टक्के आहेत आणि कॅन्सरचे ३४ टक्के.

भारतातले आकडे तर आणखी बोलके आहेत. दहा हजारांहून जास्त रुग्णांच्या राष्ट्रीय नोंदणीत हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचं सरासरी वय साठच्या आसपास आढळलं, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दहा वर्षं अलीकडे. यातले १४ टक्के रुग्ण ९० दिवसांत दगावले होते. तिरुवनंतपुरमच्या नोंदणीत पाच वर्षांत निम्म्याहून जास्त रुग्ण गेले. कित्येक कॅन्सरपेक्षा हे प्रमाण वाईट आहे. तरीही कॅन्सर म्हटल्यावर घर ज्या गांभीर्याने एकत्र बसतं, तसं 'पंपिंग कमी आहे' म्हटल्यावर बसत नाही, याची मला खंत वाटते.

'शेवटची स्टेज आली की बघू,' असं म्हणणाऱ्यांना या आजाराची चाल माहीत नसते. कॅन्सरमध्ये बहुधा बराच काळ माणूस बरा असतो आणि मग उतार स्पष्ट दिसतो. हार्ट फेल्युअरमध्ये तसं होत नाही. एखाद्या रात्री छातीत पाणी होतं, धावपळ करून आयसीयूत न्यावं लागतं, साठलेलं पाणी काढणारं औषध शिरेतून जातं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी माणूस घरी येऊन चहा पितो. सगळ्यांना वाटतं, सुटलो. पण पूर्वी बाजारापर्यंत जाणारा माणूस आता गेटपर्यंतच जातो. दोन-चार महिन्यांनी पुन्हा तेच, आणि पुन्हा एक पायरी खाली. प्रत्येक वेळी माणूस परत आलेला असल्याने, ज्या वेळी तो येणार नाही ती वेळ ओळखू येत नाही. शेवटच्या स्टेजची वाट बघणाऱ्यांच्या हाती म्हणून काहीच लागत नाही.

त्यापेक्षा काही खुणा लक्षात ठेवाव्यात: वर्षात दोनदा भरती व्हावं लागलं, कपडे बदलतानाही धाप लागते, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढत चाललंय, बीपी इतकं खाली राहतं की हृदयाच्या गोळ्या कमी कराव्या लागतात, वजन आणि भूक दोन्ही घटली आहेत. यातलं एखादं जरी दिसलं, तरी पॅलिएटिव्ह केअरचा विषय डॉक्टरांकडे काढण्याची वेळ झाली असं समजावं.

'म्हणजे हृदयाचे उपचार सोडून द्यायचे?' अजिबात नाही. या आजारात तर उपचार आणि आराम एकमेकांत गुंतलेले आहेत. पाण्याची गोळी बंद केली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दम वाढतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात गंभीर हार्ट फेल्युअरच्या १५० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले आणि निम्म्यांना त्याच उपचारांच्या जोडीला पॅलिएटिव्ह केअर. सहा महिन्यांनी दुसऱ्या गटाचं रोजचं जगणं जास्त सुसह्य होतं, चिंता आणि नैराश्य कमी होतं, आणि मृत्यूंच्या प्रमाणात फरक नव्हता. ही काळजी घेतल्याने माणूस लवकर जातो, ही भीती त्या आकड्यांना धरून नाही. हृदय प्रत्यारोपणाच्या यादीत नाव असलेल्यालाही ती घेता येते. वाट बघण्याच्या काळात धाप आणि धास्ती त्यालाही असतेच.

आता दमाकडे येतो, कारण घरात सगळ्यात जास्त घाबरगुंडी त्यानेच उडते. नालासोपारा-विरारच्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावरचा पेशंट महिनोन् महिने खाली उतरत नाही, आणि त्याच्या पलंगाशेजारी भाड्याचं ऑक्सिजन मशीन येतं. रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी असेल, तर ते हवंच. अशा घरांनी वीज गेल्यावरची सोय म्हणून भरलेला सिलिंडर जवळ ठेवावा. पण बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर ९६ दाखवत असेल, तर ऑक्सिजनने दम कमी होत नाही. नळीतून साधी हवा सोडली तरी तितकाच आराम पडतो, हे २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आलं आहे. आराम देतो तो चेहऱ्यावरून जाणारा वारा. गाल, नाक आणि ओठांजवळच्या मज्जातंतूंना गार हवा लागली, की मेंदूला जाणवणारी धाप ओसरते. बॅटरीवर चालणारा हातातला छोटा पंखा चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरायचा आणि एका गालावरून दुसऱ्या गालाकडे हळूहळू फिरवायचा. पेशंटला सपाट झोपवायचं नाही; पाठीशी उशा रचायच्या, किंवा खुर्चीत बसवून समोरच्या टेबलावर उशी ठेवून तिच्यावर दोन्ही हात टेकवायचे. खांदे सैल पडले, की श्वास लांब होतो. हे कुणीही शिकू शकतं, मात्र ते शांत वेळी शिकून ठेवावं.

एवढं करूनही असह्य दम राहिला, तर डॉक्टर कधीकधी अगदी कमी मात्रेत मॉर्फिन देतात. या नावानेच लोक हादरतात. प्रत्येक पेशंटला त्याचा गुण येतोच असं नाही आणि किडनी कमजोर असेल तर मात्रा फार जपून ठरवावी लागते. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून दिलेल्या मॉर्फिनने माणूस व्यसनी होईल किंवा श्वास थांबून जाईल, ही भीती अनाठायी आहे. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं, म्हणून जुलाबाचं औषध सोबतच सुरू करतात. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४मध्ये दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं, तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही. म्हणून वेळ येण्याआधीच चौकशी करावी.

दुखण्यावर घ्यायच्या गोळ्यांचं उलटं आहे. गुडघे दुखले की आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक सर्रास घेतलं जातं, कारण ते साधं वाटतं. या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, किडनीवर ताण आणतात, आणि पेशंट पुन्हा भरती होतो. मीठही तसंच. जेवणात वरून मीठ घेत नाही म्हणणाऱ्याच्या पानात खारवलेला मासा, पापड आणि लोणचं असतं. अर्नाळा-पाचूबंदरच्या घरात हे सगळं बंद करा म्हणणं सोपं नाही, आणि आयुष्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात तर तोंडाची चव महत्त्वाची ठरते. तोपर्यंत रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी वजन करून वहीत लिहावं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर ते अंगात साठलेलं पाणी असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

'त्यांना काही सांगू नका, खचतील.' हे प्रेमापोटी म्हटलं जातं, हे मला ठाऊक आहे. पण ज्याला रात्री तीनदा उठून बसावं लागतं, त्याला आपल्या शरीराचं काय चाललंय हे आधीच कळलेलं असतं. सगळेच गप्प राहिले, की तो त्या भीतीत एकटा पडतो. सगळं एका दमात सांगावं असं नाही. 'बाबा, तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची धास्ती वाटते?' एवढं विचारलं तरी बोलणं सुरू होतं. उत्तर बहुधा मरणाचं नसतं. गुदमरण्याचं असतं, खर्चाचं असतं, धाकट्या मुलीच्या लग्नाचं असतं.

न बोलल्याचा एक परिणाम फार क्रूर असतो. काही रुग्णांच्या छातीत ठोका बिघडल्यावर आतून शॉक देणारं आयसीडी नावाचं यंत्र बसवलेलं असतं. माणूस शेवटच्या घटका मोजत असताना ते पुन्हा पुन्हा शॉक देऊ शकतं. त्याचं शॉक देण्याचं काम बाहेरून, कुठलीही चिरफाड न करता, वेदनेविना बंद करता येतं. त्याने हृदय थांबत नाही आणि पेसमेकरचं काम चालू राहतं. पण हे आधी ठरवलेलं नसेल, तर त्या रात्री तंत्रज्ञ कुठून आणणार?

व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबणं यांबद्दलची इच्छा लिहून ठेवणं हा इच्छामरणाचा अर्ज नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशा लेखी निर्देशाला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही पुरते. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची, म्हणजे आपल्याकडे महापालिकेत. पेशंट स्वतः बोलू-ठरवू शकतो तोवर तो कागद लागू होत नाही, आणि त्यानंतरही डॉक्टरांची दोन मंडळं तपासून निर्णय घेतात.

ही काळजी फक्त मुंबईत मिळते, असंही समजू नये. केंद्राचा राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२पासून आहे आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या ठरलेल्या बारा सेवांत वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह काळजी मोडते. कागदावरची सेवा मागितल्याशिवाय हलत नाही. म्हणून पुढच्या तपासणीला फाइलसोबत हे प्रश्न लिहून न्या: रात्री दम वाढला तर पाण्याची जादा गोळी घरीच द्यायची का, किती? कोणत्या नंबरवर फोन करायचा? घरी येणारी नर्स किंवा डॉक्टर आहेत का? आयसीडी असेल तर ते कधी बंद करायचं? आणि रात्रंदिवस पेशंटपाशी बसणाऱ्या सुनेला किंवा बायकोला आठवड्यातून एक रात्र सलग झोप मिळावी, यासाठी कोण येऊ शकेल? हा शेवटचा प्रश्न डॉक्टरांइतकाच नातेवाइकांनाही विचारायचा आहे.