परदेशी आप्तांसाठी गावाकडची भेट

परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे, बहिणीकडे वा भाच्याकडे राहावयास जाण्याचे योग आता अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांत येतात. तिकीट, व्हिसा, विमा आणि परकीय चलन यांची व्यवस्था झाली की घरोघरी एक प्रश्न उरतो : जाताना काय न्यावे? रिकाम्या हाताने कोणाकडे जाऊ नये, हा आपला संस्कार. शिवाय हा पाहुणचार कित्येकदा काही महिन्यांचा असतो आणि यजमान आपली नोकरी, मुलांच्या शाळा सांभाळून तो करीत असतात. त्यांच्यासाठी न्यावयाची वस्तू विचारपूर्वक निवडणे अगत्याचे ठरते.

एके काळी पापड-लोणच्यांनी भरलेली बॅग हीच मोठी भेट असे. आज न्यू जर्सीतील एडिसन किंवा लंडनमधील साउथॉल येथे भारतीय वाणसामान सहज मिळते. तेथे मिळत नाही ते आपल्या गावाचे म्हणून जे काही असते ते. त्यामुळे ‘काय महाग?’ यापेक्षा ‘काय आपल्याच गावाचे?’ हा प्रश्न आधी विचारावा.

नियमांची चौकट

खाद्यपदार्थ नेण्यापूर्वी त्या देशाचे नियम पाहणे अत्यावश्यक आहे. युरोपीय संघाच्या देशांत भारतातून जाणाऱ्या प्रवाशांना दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साताऱ्याचे कंदी पेढे, बेळगावचा कुंदा आणि घरचे साजूक तूप, तिन्ही बाद! संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. दिवाळीत दुबईला निघालेल्या आजीने अनारशांचा डबा घरीच ठेवलेला बरा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेलकट व ज्वलनशील असल्याने विमानाच्या सामानात चालत नाहीत. लोणच्याची बरणी हातातील सामानात ठेवू नये. तेथे द्रवपदार्थांची मर्यादा १०० मिलिलिटरची असते.

अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे सोबतचे खाद्यपदार्थ जाहीर करावेच लागतात. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते. लपविलेल्या वस्तूबद्दल मात्र दंड होतो. ऑस्ट्रेलियात प्रसंगी पाहुण्याचा व्हिसाही रद्द होऊ शकतो. बाहेर वाट पाहणाऱ्या यजमानांना असा मनस्ताप देण्यापेक्षा खरे सांगणे केव्हाही श्रेयस्कर.

गावाची ओळख

खाण्यापलीकडेही पुष्कळ काही आहे. सावंतवाडीची गंजिफा पाहा. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी १२, अशी १२० गोल, रंगीत पाने असतात. नातवंडांसोबत एकेक पान उलगडताना दशावतारांची गोष्ट आपोआप सांगून होते. डहाणू परिसरातील वारली चित्र गुंडाळून नेता येते व वजनालाही हलके असते. कोल्हापुरी चप्पल न्यावयाची असल्यास पावलाची बाह्यरेषा कागदावर काढून आधी मागवून घ्यावी. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्राचे चार व कर्नाटकाचे चार जिल्हे येतात. सोलापुरी चादर टिकाऊ खरी, पण वजनदार. अनेक विमान कंपन्या साध्या वर्गात एका बॅगेस २३ किलोंचीच मुभा देतात, हे ध्यानी ठेवावे. इंदूरकर वाचकांना तर अहिल्याबाई होळकरांच्या आश्रयाने बहरलेले महेश्वरचे विणकाम जवळच आहे. लाकडी वस्तूही काही देशांत जाहीर कराव्या लागतात. खरेदीची पावती जवळ असावी.

दोन्ही घरांची आठवण

ज्या घरी आपण उतरतो ते एकट्या मुलाचे नसते, सूनबाईचेही असते. मुलाच्या आवडीचे सारे आठवणीने बांधले जाते. सुनेच्या गावाचे मात्र अनेकदा राहून जाते. ती नागपूरची असेल तर तेथील संत्राबर्फी त्या देशात चालते का, हे पाहावे. चालत नसल्यास तिच्या शाळेचे वा जुन्या वाड्याचे छायाचित्र चौकटीत बसवून न्यावे. निघण्यापूर्वी विहीणबाईंना एक दूरध्वनी करून ‘तुमच्याकडून काय नेऊ?’ असे विचारले, तर बॅगेत थोडी जागा जाईल, पण त्या घरातील आपले स्थान निश्चितच वाढेल. जावयाच्या घरी जाणाऱ्यांनाही हेच लागू.

थोडक्यात, आधी यजमानांना विचारावे, नियम पाहावेत, वजन करावे आणि बॅगेचा एक कोपरा दुसऱ्या घराच्या गावासाठी राखावा. आपला प्रवास सुखाचा होवो!