सत्काराला पैसा, प्रवासाला वर्गणी

खेळाडूची निवड मैदानावर होते, अशी आपली समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. मैदानावरची निवड आटोपल्यानंतर आणखी एक निवड होते आणि ती बहुधा शिक्षकांच्या खोलीत, टेबलावर ठेवलेल्या एका कागदावर होते. त्या कागदावर वर संघाचे नाव असते, खाली खर्चाच्या बाबी असतात आणि शेवटी एकूण रकमेला खेळाडूंच्या संख्येने भागलेले असते. भागाकार बिनचूक असतो. त्या भागाकारात कोण गळते, याची नोंद मात्र कोठेही राहत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये असा एक कागद तयार करण्याची पाळी प्रस्तुत लेखकावर आली. मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवतो. अर्थशास्त्र शिकवणाऱ्याला हिशेब येतो हा एक लोकभ्रम आहे. त्याचा फायदा घेऊन गावातील एका शाळेच्या पालक समितीने मला आपल्यात ओढले होते. शाळेच्या मुलींच्या खो-खो संघाला नागपूरच्या एका मंडळाकडून निमंत्रित स्पर्धेचे बोलावणे आले. बारा मुली, त्यांचे क्रीडाशिक्षक आणि सोबतीला एक शिक्षिका, असे चौदा जण. महाराष्ट्र एक्सप्रेसने शयनयानाचे जाण्यायेण्याचे भाडे १५,६८० रुपये झाले. पाच दिवसांचे खाणेपिणे १४,०००, गावातली ये-जा व किरकोळ ३,०००, गणवेश आणि बूट ९,६००. निवास यजमानांकडे, शाळेच्या वर्गखोल्यांत, विनामूल्य. एकूण ४२,२८० रुपये. माणशी सुमारे साडेतीन हजार.

रक्कम मोठी नाही, असे पालक समितीतील बहुतेकांचे मत पडले. समितीत नोकरदार आणि दुकानदार होते. त्यांच्या दृष्टीने ती खरोखरच मोठी नव्हती. आठवड्याभरात तीन मुली संघातून बाहेर पडल्या. पहिलीने अभ्यासाचे कारण दिले. दुसरीने मामाचे लग्न असल्याचे सांगितले. त्या मामाच्या लग्नाचे जेवण क्रीडाशिक्षक दोन वर्षांपूर्वीच जेवून आले होते. तिसरीने काहीच सांगितले नाही, ती सरावाला यायची थांबली. संघातील सर्वांत चपळ मुलगी हीच. तिची आई शेतमजुरीला जाते आणि रोज तीनशे रुपये आणते. साडेतीन हजार म्हणजे त्या घरातले बारा दिवस. पैसे नाहीत असे तिघींपैकी एकीनेही म्हटले नाही. गरिबी सांगण्यापेक्षा खोटे सांगणे पंधरा वर्षांच्या मुलीला सोपे जाते, ही गोष्ट आम्हां शहाण्यांच्या हिशेबात धरलेलीच नव्हती.

मग समितीने ठरविले की, कोणाकडूनच पैसे घ्यायचे नाहीत. गावातून वर्गणी काढायची. निर्णय योग्य होता. अंमलबजावणी मात्र आम्ही आळसाने केली आणि तिचा दोष माझ्याकडेही येतो. मुलींच्या हाती पावतीपुस्तके आणि डबे देऊन त्यांना बाजारपेठेत पाठविले, कारण मुलींना पाहून लोक नाही म्हणणार नाहीत असा आमचा व्यवहारी अंदाज होता. सहा संध्याकाळी, रोज दोन तास, बारा मुली. म्हणजे १४४ तास. जमले ११,००० रुपये. तासाला सुमारे ७६ रुपये पडले. हे १४४ तास सरावाचे होते. शिवाय एका दुकानदाराने त्यांना अर्धा तास उभे करून, ‘मुलींना एवढ्या लांब कशाला पाठवायचे?’ या विषयावर प्रवचन दिले आणि दहा रुपये टाकले. या अर्ध्या तासाचे मूल्य कोणत्या दराने लावावे, हे आमच्या शास्त्रात सांगितलेले नाही.

उरलेली रक्कम आम्ही मोठ्यांनी जमविली आणि तीही अवघ्या दोन रविवारी. हे काम आम्ही पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

या खटाटोपात एक गोष्ट ध्यानात आली आणि ती या लेखाचे मुख्य निमित्त आहे. गावात पैसा होता. ढालीसाठी होता, करंडकासाठी होता, गणवेशाच्या पाठीवर दुकानाचे नाव छापायचे असेल तर गणवेशासाठीही होता. एक गृहस्थ आपल्या कैलासवासी वडिलांच्या नावाने पाच हजारांचा फिरता चषक द्यायला त्याच बैठकीत तयार झाले. तेच पाच हजार तिकिटांना द्याल का, असे विचारताच ते घोटाळ्यात पडले. त्यांचे म्हणणे असे की, तिकिटावर वडिलांचे नाव कसे घालणार? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. देणगी देणारा मनुष्य काही विकत घेत नाही असे आपण म्हणतो, परंतु तो आठवण विकत घेत असतो. चषक कपाटात राहतो, फलक भिंतीवर राहतो. आगगाडीचे तिकीट दुसऱ्या दिवशी रद्दी होते. प्रवासखर्च ही जगातील सर्वांत अदृश्य देणगी आहे, म्हणून तिला दाता सापडत नाही.

आणि संघ जिंकून आला की चित्र पालटते. स्टँडपासून मिरवणूक निघते, चौकाचौकात अभिनंदनाचे फलक लागतात, त्या फलकांवर खेळाडूंची छायाचित्रे टिकलीएवढी आणि अभिनंदन करणाऱ्यांची परातीएवढी असतात. शाल, श्रीफळ, फेटे, अल्पोपाहार. अशा एका स्वागतात जेवढा खर्च होतो, त्यात संघाचे पुढच्या वर्षाचे भाडे सहज निघावे. पण सत्काराला पैसा मिळतो, कारण तेथे निकाल लागलेला असतो. प्रवासाच्या वेळी फक्त शक्यता असते. धोका खेळाडूने पत्करायचा आणि लाभांशात गावाने वाटेकरी व्हायचे, असा हा विलक्षण भागीदारीचा करार आहे.

हा करार आजचा नाही. आमच्याच जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. १९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांना दारोदार वर्गणी गोळा करावी लागली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाड परिसराने बैलगाड्या जुंपून त्यांची जंगी मिरवणूक काढली. त्यानंतर त्यांनी काय केले? कुस्त्यांचे फड भरविले आणि त्या उत्पन्नातून प्रवासाचे ऋण फेडले. ही कथा आपण प्राचार्यांच्या औदार्याची कथा म्हणून सांगतो, आणि ते औदार्य थोर होतेच. पण ज्या व्यवस्थेत ऑलिंपिकवीराला पाठविण्यासाठी एका शिक्षकाला घर गहाण टाकावे लागते, त्या व्यवस्थेचे वर्णन कोणत्या शब्दांत करायचे? गुलामीच्या काळाचे समजू शकते. १९३२ साली लॉस एंजेलिसला गेलेल्या हॉकी संघाला वर्गणीचा आणि प्रदर्शनी सामन्यांचा आधार घ्यावा लागला, तेव्हा राज्य परक्याचे होते. १९५२ साली नव्हते.

खो-खो, कबड्डी, कुस्ती या खेळांबद्दल आपण अभिमानाने म्हणतो की, ते गरिबांचे खेळ आहेत. त्यांना साधने लागत नाहीत. खो-खोला दोन खांब आणि मोकळी जमीन पुरते. हे खरे आहे, पण त्याचा एक परिणाम फारसा कोणी लक्षात घेत नाही. खेळ जितका स्वस्त, तितका त्याच्या एकूण खर्चात प्रवासाचा वाटा मोठा. क्रिकेटच्या मुलाला घरूनच बॅट, पॅड, हातमोजे यांसाठी हजारो रुपये मोजावे लागतात, त्यामुळे भाडे न परवडणारी मुले त्या खेळात मुळात थोडीच असतात. खो-खोत ती मैदानापर्यंत पोहोचतात, खेळ शिकतात, तालुक्यात जिंकतात आणि रेल्वेच्या खिडकीपाशी थांबतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ विजयी झाले आणि दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते. त्या वेळी आपणा सर्वांना आनंद झाला. आमच्या शाळेतही पेढे वाटले गेले. पेढे खाताना मला बैलगाड्या आठवल्या, हे कदाचित माझ्या स्वभावाचे वैगुण्य असेल.

शासन काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. शालेय स्पर्धांची तालुक्यापासून राज्यापर्यंतची उतरंड शासनच चालविते. एस.टी.ने १७ मार्च २०२३ पासून महिलांना भाड्यात निम्मी सूट दिली, आणि ती देणाऱ्यांच्या मनात खो-खो नसला तरी मुलींच्या संघांना जवळच्या स्पर्धांसाठी तिचा मोठा आधार झाला. धोरणांचे काही सर्वोत्तम परिणाम असे अनवधानाने घडतात. उलटही घडते. मान्यताप्राप्त स्पर्धांना जाणाऱ्या खेळाडूंना रेल्वेभाड्यात पूर्वी चांगली सवलत मिळे. मार्च २०२० मध्ये महासाथीच्या निमित्ताने अपंग, रुग्ण आणि विद्यार्थी यांचे काही वर्ग वगळता बहुतेक सवलती रेल्वेने स्थगित केल्या, त्यांत खेळाडूंचीही गेली. आमच्या निमंत्रित स्पर्धेला ती पूर्वी तरी मिळाली असती की नाही, हा प्रश्न वेगळा.

मोठ्या उद्योगांकडे पाहावे तर २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले आहे आणि त्या कार्याच्या यादीत ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे. परंतु बेचाळीस हजारांची मागणी घेऊन अशा कंपनीच्या दारी जाणे म्हणजे पाव किलो साखरेसाठी साखर कारखान्याच्या फाटकावर उभे राहण्यासारखे आहे. त्यांचे अर्ज, अहवाल आणि बैठका यांत आमच्या स्पर्धेची तारीख उलटून जाईल.

म्हणजे गाडी पुन्हा गावच्या वर्गणीवरच येते. वर्गणीचे आम्हां मराठी माणसांना वावडे नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. त्या योजनेचे मर्म पैशाच्या लहानपणात जितके होते, तितकेच तो दरवर्षी, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या कामासाठी मागण्यात होते. आमच्या क्रीडा-वर्गण्यांत हेच नसते. बोलावणे आले की पळापळ, संघ परतला की विसर, आणि उरलेले चारशे रुपये कोणाकडे आहेत याविषयी वर्षभर कुजबूज. बहुतेक वर्गण्या देणाऱ्याच्या कंजूषपणाने मरत नाहीत. गेल्या खेपेचा हिशेब न मिळाल्याने मरतात.

नागपूरहून परतल्यावर आम्ही दोन-तीन साध्या गोष्टी केल्या. शाळेच्या संस्थेच्याच खात्यात प्रवासनिधी म्हणून वेगळी नोंद उघडली. नोंदणीकृत विश्वस्त संस्था नसताना लोकांकडून असा पैसा गोळा करायचा तर धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते, हे पुष्कळ उत्साही मंडळींना ठाऊक नसते. खर्चाचा सबंध हिशेब, तिकिटांच्या आकड्यांसह, बाजारपेठेतील सूचनाफलकावर लावला. निधी जूनमध्ये गोळा करायचा, मुलींनी नव्हे तर समितीच्या सभासदांनी, असा नियम केला. आणि कोणत्या खेळाडूला किती मदत मिळाली याची यादीच ठेवायची नाही, म्हणजे मदत सर्वांना सारखीच, असे ठरविले. या शेवटच्या नियमावर वाद झाला. ज्यांना परवडते त्यांना फुकट का न्यायचे, हा आक्षेप अर्थशास्त्राच्या पुस्तकाला धरून आहे. परंतु गरजूंची निवड करायची म्हटले की कोणीतरी हात वर करावा लागतो, आणि हात वर करण्याऐवजी मुली मामाचे लग्न काढतात. ज्या पालकांची ऐपत आहे त्यांनी जूनमध्ये निधीला द्यावे. बरेच देतात.

दुकानांत फोनवरून पैसे भरण्याचे चौकोनी चित्रही चिकटवून पाहिले. गोळा करण्याचा खर्च जवळजवळ शून्य, म्हणून मला फार आशा होती. महिनाभरात ६२० रुपये आले. दुकानात जाऊन, बाकावर बसून, चहा घेऊन मागितले की तोच दुकानदार पाचशे देतो.

चषकवाल्या गृहस्थांचे काय झाले, ते सांगायचे राहिले. त्यांनी आता वडिलांच्या पुण्यतिथीला दरवर्षी चौदांपैकी दोघांचे भाडे द्यायचे कबूल केले आहे. सूचनाफलकावरील हिशेबात तशी ओळ असते आणि ती वाचायला ते नातवाला घेऊन येतात.

नागपूरला आमचा संघ दुसऱ्या सामन्यात एका गुणाने हरला. सरावाचे ते १४४ तास मिळाले असते तर जिंकला असता, असा दावा मी करणार नाही. समोरचा संघ चांगला होता. तिसरी मुलगी संघाबरोबर गेली होती. दोन्ही सामन्यांत तिला बाद करायला प्रतिपक्षाला फार धावावे लागले, असे शिक्षक सांगतात.

यंदा निधीत ३१,००० रुपये आहेत आणि मुलांच्या कबड्डी संघालाही एकाच महिन्यात बाहेरगावचे बोलावणे आले आहे. दोघांना पुरेल एवढा पैसा नाही. रविवारी समितीची बैठक आहे.